बर्फ फुटताना येणारा पूर रडार चित्रात कसा ओळखावा

कॅनडाच्या ऑंटॅरिओ प्रांतात, जेम्स उपसागराजवळ, आल्बनी नदीच्या काठी कशेचेवान हे क्री आदिवासी समाजाचं गाव आहे. तिथे बारमाही रस्ता नाही. जायचं तर विमानाने, उन्हाळ्यात नदीतून बोटीने, नाहीतर हिवाळ्यात गोठलेल्या वाटेवरून. एप्रिल-मेमध्ये नदीवरचा बर्फ फुटतो, त्याचे तुकडे वळणावर किंवा उथळ जागी अडकतात आणि मागे पाणी तुंबतं. मग गाव रिकामं करायची वेळ येते, आणि ही धावपळ तिथे बहुतेक दर वसंतात होते. नेमकं तेव्हाच आभाळ भरलेलं असलं तर साध्या उपग्रहचित्रांत ढगांपलीकडे काही दिसत नाही. रडारला मात्र ढगांची आणि अंधाराची अडचण नसते. ही चित्रं फुकट मिळतात. वाचायची कशी तेवढं शिकावं लागतं.

आधी कोपर्निकस ब्राउझर या युरोपीय उपग्रहचित्रांच्या संकेतस्थळावर मोफत खातं उघडा. ५२.३ उत्तर, ८१.६ पश्चिम हे ठिकाण शोधा. सेंटिनेल-१ (युरोपचे रडार उपग्रह) निवडा आणि व्हीव्ही ध्रुवणाचं (लहर उभी सोडून उभीच टिपलेलं) डेसिबलमधलं चित्र लावा; डेसिबल म्हणजे परतलेल्या लहरीची ताकद मोजायचं एकक. हे उपग्रह साधारण ५.६ सेंटिमीटर लांबीच्या लहरी तिरप्या सोडतात. शांत पाणी त्या आरशासारख्या पुढे परतवून लावतं. उपग्रहाकडे काहीच येत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. खडबडीत जमीन आणि झाडं करडी दिसतात.

आता तुलनेसाठी चित्रं निवडा. अर्धं काम इथेच होतं किंवा बिघडतं. पुराच्या संशयाचं चित्र एकटं बघू नका, त्याच्या जोडीला दोन जुनी चित्रं घ्या. एक मागच्या उन्हाळ्याचं. हा सगळा प्रदेश दलदलीचा आणि डबक्यांचा. बारमाही पाणी कुठे असतं ते उन्हाळ्याच्या चित्रावरून कळतं. दुसरं, बर्फ फुटायच्या थोडं आधीचं. तिन्ही चित्रं एकाच सापेक्ष कक्षेतली, म्हणजे आकाशातल्या त्याच ठरावीक वाटेवरून टिपलेली हवीत, नाहीतर रडारचा कोन बदलतो आणि नसलेला फरक दिसायला लागतो. साधी खूण: एकाच उपग्रहाची चित्रं असतील तर तारखांमधलं अंतर १२ दिवसांच्या पटीत यायला हवं.

चित्रं एकावर एक ठेवून सरकपट्टी फिरवा. नवीन काळे भाग दिसले की लगेच 'पूर' म्हणायची घाई होते, पण थांबा. ओला बर्फही काळाच दिसतो! वितळायला लागलेलं हिम लहरी शोषून घेतं आणि माळरानभर काळोखी पसरते. ओळखायचं कसं? पाणी सखल भाग धरून पसरतं, नदीला किंवा ओढ्याला जोडलेलं असतं. ओलं हिम उंचवट्यावरही तितकंच काळं असतं. शिवाय सेंटिनेल-१ तिथून साधारण पहाटे-सकाळी आणि संध्याकाळी जातो. रात्रीच्या थंडीत हिम पुन्हा गोठलं असेल तर सकाळच्या चित्रात ही गफलत कमी होते. उलटाही धोका असतो: जोराच्या वाऱ्याने पाण्यावर लाटा उठल्या तर पूर असूनही चित्र करडं दिसतं.

माझ्या मते उत्तरेकडच्या नद्यांवर पाण्याआधी बर्फ शोधावा. नदीच्या पात्रात पांढराशुभ्र, खरखरीत पट्टा दिसला तर ती बहुधा चुरडून रचलेल्या बर्फाची कोंडी असते. अखंड, गुळगुळीत बर्फ त्यामानाने गडद असतो. कोंडीच्या वरच्या अंगाला, म्हणजे नदी जिकडून येते तिकडे, पात्र फुगलंय का, काळा रंग काठ सोडून बाहेर आलाय का, ते पाहा. गाव त्याच बाजूला असेल तर चिंता खरी.

नकाशा काढायचा असेल तर युरोपीय अवकाश संस्थेचं स्नॅप हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. कक्षेची दुरुस्ती, कॅलिब्रेशन (उजळपणा मोजमापात आणणं), ठिपक्यांची गाळणी (चित्रातला दाणेदारपणा कमी करणं), भूरूपाची दुरुस्ती (चढउतारांमुळे सरकलेल्या जागा नीट करणं) या क्रमाने जा, आणि मग पाण्यासाठी उंबरठा ठरवा, म्हणजे ज्या आकड्याखालचं सगळं पाणी धरायचं तो. उणे १८ डेसिबलच्या आसपास सुरुवात करा, पण तो आकडा पक्का धरू नका. कोणत्या उजळपणाचे किती ठिपके आहेत ते दाखवणाऱ्या आलेखात पाणी आणि जमीन यांच्या दोन उंचवट्यांमधली दरी दिसते, तिथे रेघ मारा. शेवटी उन्हाळ्यातलं पाणी त्यातून वजा करा.

जंगलातला पूर वेगळा ओळखावा लागतो. लहर पाण्यावरून खोडावर आणि तिथून परत उपग्रहाकडे येते, त्यामुळे पाण्यातली झाडं उलट जास्त उजळ दिसतात. दाट झाडीत सेंटिनेलची छोटी लहर शेंड्यांतच अडकते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या इस्रो-नासाच्या उपग्रहाची एल-बँड लहर सुमारे २४ सेंटिमीटरची आहे. ती फांद्यांखाली जास्त खोल जाते.

नकाशावर चित्र टिपल्याची वेळ आवर्जून लिहा. ती युटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते; कशेचेवानच्या उन्हाळी वेळेसाठी ४ तास वजा करा. कोंडी सुटली की पाणी काही तासांतही उतरू शकतं, त्यामुळे गाव रिकामं करायचं की नाही हे असल्या घरगुती नकाशावरून ठरवू नये.