पाझर तलावावर गळ टाकायचा तर आधी खोली मोजा

गावाकडच्या पाझर तलावावर पहिल्यांदा गळ टाकायला बसलात की चार जण येऊन आमिषावर बोलतात. कणकेत हिंग घाल, बडीशेप घाल, व्हॅनिला घाल. या सगळ्यापायी माझी दोन वर्षं फुकट गेली. मासा लागत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा कणकेत नसतं. गळ चुकीच्या खोलीवर लोंबकळत असतो.

त्याआधी परवानगी. तलाव सार्वजनिक असला तरी त्यातले मासे कुणाचे तरी असतात. १९७२च्या दुष्काळात खोदलेल्या अशा अनेक तलावांत मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो. कटला, रोहू, मृगळ साठलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत, त्यामुळे त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडावी लागते. तुम्ही धराल त्या माशासाठी कुणीतरी पैसे मोजलेले आहेत. ग्रामपंचायतीत विचारा, ठेका कुणाकडे आहे ते कळतं. त्यांना भेटा, गळाला परवानगी आहे का, फी किती, किती मासे नेता येतील, कोणत्या महिन्यांत बंदी आहे, हे विचारा आणि पावती खिशात ठेवा. पिण्याच्या पाण्याचा तलाव असेल आणि पाटी लावलेली असेल तर परत फिरा. ‘गळाला कोण विचारतंय’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

सामान साधं: दहा फुटी काठी, पातळ तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, छोटा गळ, पाण्यावर तरंगायला मोरपिसाच्या देठाची काडी, वजनाला शिसं. आमिषाला गव्हाची कणीक आणि थोडी शेंगदाण्याची पेंड, घट्ट मळलेली. हरभऱ्याएवढी गोळी पुरते.

आता खोली. मी अंदाजाने काडी बांधायचो, ‘पुरुषभर पाणी असेल’ म्हणून. एका सकाळी माझ्यापासून सहा हातांवर बसलेले एक भोई काका साध्या कणकेवर एकामागून एक मृगळ काढत होते आणि माझी काडी ढिम्म. शेवटी त्यांनीच माझी काठी हातात घेतली, गळाला शिसं बांधलं आणि पाण्यात सोडलं. माझं आमिष तळापासून चार फूट वर लोंबत होतं. मृगळ खाली चिखलात तोंड घालून चरत होते, त्यांना ते दिसणारच कसं?

मोजायचं असं. गळाला काडी बुडवेल इतकं जड शिसं दाबा आणि बसायच्या जागेवरून जिथे गळ टाकणार तिथेच टाका. काडी पूर्ण बुडाली तर पाणी जास्त खोल आहे, काडी वीतभर वर सरकवा. आडवी पडली तर तंगूस जास्त झाला, काडी खाली आणा. फक्त टोक पाण्याबाहेर उभं राहिलं की ती खरी खोली. गळ काठीच्या बुडाशी धरून काडी जिथे येते तिथे काठीवर दोरा बांधा, म्हणजे तंगूस तुटला तरी पुन्हा मोजायला नको. मग मोजायचं शिसं काढून नेहमीचं हलकं शिसं लावा. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि ते टाळणारा माणूस दिवसभर पाण्याकडे बघत बसतो. जागा चार हात बदलली तरी पुन्हा मोजा, कारण बांधाजवळ मुरूम काढलेले खड्डे असतात आणि मधून जुन्या ओढ्याचं पात्र जातं. मे महिन्यात तलाव आटला की एकदा तळातून चालून या. खड्डे, पात्र, बाभळीची खुंटं पाहून ठेवा.

खोली कळली की मासा ठरवा. मृगळ आणि सिप्रिनस (कॉमन कार्प) तळाचे, त्यांच्यासाठी आमिष तळाला टेकलेलं हवं. रोहू मधल्या पाण्यात चरतो. मी तळापासून वीतभर वरून सुरुवात करतो आणि हळूहळू वर येतो. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो पृष्ठभागाजवळ खातो, दोन-तीन फुटांवर ठेवा.

काडी नुसती थरथरली तर ओढू नका. ती बहुतेक चिलापी (तिलापिया) असते किंवा बारीक मासळी गोळी कुरतडत असते. मी प्रत्येक थरथरीला झटका द्यायचो आणि मोठे मासे बिथरवायचो. रोहूने घेतलं की काडी तिरकी सरकत खाली जाते. मृगळ तळावरून आमिष उचलतो तेव्हा काडी उलट वर येते आणि आडवी पडते. हे ओळखायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तेव्हाच मनगटाने छोटा झटका द्या, खांद्याने नको. मासा दमवा, जाळीत घ्या, काठावर फरफटवू नका.

ढगाळ, कोंदट पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसले तर सामान आवरा. पाण्यात प्राणवायू कमी आहे, ते खाणार नाहीत.

लहान मासा ओल्या हातांनी सोडवून परत सोडा. घरच्या टाकीतला शोभेचा मासा मात्र तलावात कधीही सोडू नका. आमिष किलोकिलोने ओतू नका, ते कुजून पाणी नासतं. मृगाच्या पावसात अंडी भरलेले चढणीचे मासे ओढ्याने वर येतात, त्यांची वाट अडवू नका. सांडवा वाहत असताना त्यावर उभं राहू नका. विष, करंट, सुरुंग हे गुन्हे आहेत. असं कुणी करताना दिसलं तर ठेकेदाराला आणि पोलिसांना कळवा.

आणि निघताना तुटलेला तंगूस गुंडाळून खिशात घाला. एकदा खुंटाला अडकलेल्या तंगुसात पाय गुंतून मेलेला पाणकावळा मी स्वतः सोडवला आहे. तेव्हापासून मी दुसऱ्यांनी टाकलेला तंगूसही वेचून आणतो आणि बारीक तुकडे करूनच कचऱ्यात टाकतो.