सिम्युलेशन संपलं, आता त्या आकड्यांचं करायचं काय? (सराफ्याचं उदाहरण घेऊन)

मोबाइल नेटवर्कच्या ट्रॅफिक सिम्युलेशनचा रन संपला की डोळा आधी जातो तो 'रिजेक्टेड' वर, म्हणजे ज्यांना नेटवर्कने सेवा दिलीच नाही त्या यूजरच्या टक्क्यावर. तिथे ४.१% दिसलं की मागून कोणीतरी म्हणतोच, "चला, एक साइट, म्हणजे टॉवर, वाढवा." ऑफिसात नवीन पोरं जॉइन झाली की पहिल्या आठवड्यात हाच सीन होतो, आणि दर वेळी टपरीवर चहा पिता पिता तेच ते सांगून माझा घसा बसलाय, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू. उदाहरण आपल्या इंदूरचंच घेतो, राजवाडा-सराफा, कारण एक तर तिथली गल्ली न् गल्ली पायाखालची आहे आणि दुसरं म्हणजे ट्रॅफिक सिम्युलेशनमध्ये जे जे चुकू शकतं ते सगळं त्या एवढ्याशा भागात सापडतं. तुम्ही अ‍ॅटॉल वापरा की प्लॅनेट (दोन्ही नेटवर्क प्लॅनिंगची सॉफ्टवेअर), मेनूची नावं थोडी इकडची तिकडे होतील, आतलं गणित तेच. आकडे समजावण्यापुरते धरलेत, कुठल्या ऑपरेटरचे नाहीत.

आधी सॉफ्टवेअर काय करतं ते डोक्यात पक्कं बसवा. पद्धत मॉन्टे कार्लो, म्हणजे सरळ फासे टाकणं. ट्रॅफिक मॅपमध्ये जिथे जितकी घनता दिली तिथे तितके यूजर फेकायचे, मग प्रत्येकाला फाशाने काहीतरी द्यायचं: हा व्हॉइसवाला, हा व्हिडिओवाला, हा घरात, हा रस्त्यावर, हा आत्ता चालू, हा नुसता खिशात फोन ठेवून बसलेला, आणि वरून शॅडोइंगचा (भिंती-इमारतींच्या आडोशाने सिग्नल कमी-जास्त होण्याचा) एक रँडम डीबी. मग कोण कोणाला किती इंटरफिअर करतंय, शेड्यूलर (सेलची क्षमता यूजरना वाटून देणारा) कोणाला किती देतोय हे परत परत फिरवत बसायचं, सेलचे (टॉवरच्या एकेका अँटेनाचा भाग म्हणजे सेल) लोड हलायचे थांबेपर्यंत. शेवटी जे हातात येतं तो एका क्षणाचा फोटो. त्यात कॉल मधेच कटला का, हँडओव्हर (एका सेलवरून दुसऱ्यावर जाणं) फेल झाला का, असलं काही नसतं, त्यामुळे रिजेक्टला ड्रॉप समजून रिपोर्ट लिहू नका, असा लिहिलेला मी पाहिलाय भिया, मीटिंगमध्ये फार लाजिरवाणं होतं.

आता वाचायचं कसं. रिजेक्टच्या आधी दोन गोष्टी बघायच्या. पहिली, रन कन्व्हर्ज झालाय का, म्हणजे सेलचे लोड स्थिर झालेत का. लोड अजून डोलत असताना नुसती इटरेशनची मर्यादा संपली म्हणून थांबला असेल तर त्या रनचे आकडे बाजूला ठेवा. दुसरी, टाकलेले यूजर आणि मागणी. एकूण किती यूजरनी प्रयत्न केला, डाउनलिंकची (टॉवरकडून फोनकडे) एकूण मागणी किती एमबीपीएस, हे काढा आणि ओएमसीमधून (चालू नेटवर्कचे आकडे जिथे जमतात ती सिस्टिम) त्याच भागाच्या त्याच तासाच्या ट्रॅफिकशी ताडून बघा. इथेच दुप्पट-तिप्पट फरक दिसला तर खाली वाचण्यात अर्थ नाही, परत मॅपवर जा.

आणि मॅपवर जायचं म्हणजे तास कुठला धरलाय ते आधी विचारायचं. सराफा दिवसा सोन्या-चांदीच्या दुकानांचा, रात्री दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांसमोर खाण्याचे ठेले लागतात आणि मध्यरात्र उलटून गेली तरी पाय ठेवायला जागा नसते. अख्ख्या शहराचा बिझी आवर (सगळ्यात जास्त ट्रॅफिकचा तास) घेतला तर सराफ्याचं खरं ओझं त्यात दिसणारच नाही, कारण तिथली गर्दी चढते तेव्हा बाकीचे मोहल्ले झोपायच्या तयारीत असतात. उलट प्रत्येक सेलचा आपापला बिझी आवर घेऊन सगळ्यांची बेरीज एकाच मॅपमध्ये कोंबली तर असा तास तयार होतो जो इंदूरने कधी पाहिलाच नाही, सुपर कॉरिडोरची ऑफिसंही फुल आणि सराफाही फुल, मग इंटरफिअरन्स विनाकारण चढतो आणि रिजेक्ट पण. मी अशा ठिकाणी दोन वेगळे मॅप ठेवतो, संध्याकाळचा आणि रात्रीचा, दोन्हीचे रन वेगळे. रंगपंचमीच्या गेरचं (मिरवणुकीचं) ट्रॅफिक मात्र यात घालायचं नाही, त्या दिवशी राजवाड्यावर जी गर्दी उसळते ती गाडीवरच्या टेम्पररी साइटने सांभाळायची असते, त्याच्यावरून बाराही महिन्यांचं नेटवर्क कोण बांधतो.

क्लटर, म्हणजे कुठे घरं आणि कुठे शेती हे सांगणारा जमिनीचा नकाशा, तो पण बघून घ्या. एकदा आम्ही जुना क्लटर वापरला होता, त्यात शहराबाहेरच्या नव्या वसाहती सरसकट शेती म्हणून रंगवलेल्या, ट्रॅफिक वाटपातलं त्यांचं वेट शून्याच्या जवळ, त्यामुळे सेक्टरचं सगळं ट्रॅफिक उरलेल्या चार जुन्या घरांवर जाऊन बसलं. रिझल्ट दिसायला छान होता. पूर्ण चूक होता. दोन दिवस गेले त्यात.

मग रन किती करायचे? एकावर कधीच बोलू नका. सेलमध्ये सरासरी ३६ यूजर असतील तर फाशांच्या हिशोबाने साधारण ६ इकडे-तिकडे होणारच, म्हणजे एका रनमध्ये ३० आणि दुसऱ्यात ४२ आले तर सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. सरासरीची चूक रनच्या वर्गमुळाने कमी होते: ४ रन केले तर अर्धी, १०० केले तर एक दशांश. मी पहिल्या नजरेला १० करतो, ज्याच्यावर पैसे खर्च व्हायचेत त्याला ५० च्या खाली नाही. आणि ग्रुपच्या (सगळ्या रन मिळूनच्या) सरासरीशेजारी स्टँडर्ड डेव्हिएशनचा कॉलम असतो तो वाचा, सेलचा लोड ७०% आणि डेव्हिएशन ३ असेल तर ती एक गोष्ट, ७०% आणि डेव्हिएशन २० असेल तर तो सेल कधी रिकामा आणि कधी तुंबलेला, त्याचं दुखणंच वेगळं.

आता या त्या ४.१% वर. समजा सरासरी ३००० यूजरनी प्रयत्न केला, १२३ रिजेक्ट. हा टक्का एकटा काहीच सांगत नाही. कारणांचा तक्ता उघडा: नो कव्हरेज १४, नो सर्व्हिस २२, शेड्यूलर सॅच्युरेशन ०, रिसोर्स सॅच्युरेशन ५८, बॅकहॉल सॅच्युरेशन २९. इथे खरी गोष्ट सुरू होते, कारण प्रत्येक कारणाचं औषध वेगळं आहे आणि चुकीचं औषध म्हणजे एक टॉवर फुकट. (जे इनअ‍ॅक्टिव्ह आहेत ते रिजेक्ट नाहीत हां, खिशात फोन आहे एवढंच, त्यांना बेरजेत ओढू नका.)

नो कव्हरेज म्हणजे त्याला कुठला सेलच मिळाला नाही. नो सर्व्हिस म्हणजे सेल मिळाला पण सिग्नल आणि इंटरफिअरन्सच्या भांडणात सगळ्यात खालचा बेअररसुद्धा (सगळ्यात कमी वेगाची पायरी) चालला नाही. या लोकांना मॅपवर टाकून बघा कुठे बसलेत. आणि कव्हरेज प्रेडिक्शनमध्ये तिथे हिरवं होतं मग इथे रिजेक्ट कसा, असा प्रश्न येतोच, तर प्रेडिक्शनमध्ये शॅडोइंगचं एक ठरलेलं मार्जिन सगळीकडे सारखं कापतात आणि सिम्युलेशनमध्ये प्रत्येकाचा फासा वेगळा, त्यामुळे एखादा कमनशिबी हिरव्यातही बाद होतो. एखाद-दुसरा ठिपका सोडून द्या, दहा रनमध्ये ठिपके परत परत त्याच गल्लीत पडले तर तिथे खरंच भोक आहे. नो सर्व्हिसवाल्याचा मोबाइल पॉवर पण बघा, २३ डीबीएमला (फोनची कमाल ताकद) टेकलेला असेल तर बिचारा अपलिंकमध्ये (फोनकडून टॉवरकडे) ओरडून दमलाय, टॉवरचा पॉवर वाढवून त्याचं काही भलं होणार नाही.

बॅकहॉलचे (टॉवरपासून मुख्य नेटवर्कपर्यंतच्या जोडणीचे) २९ माझ्या या उदाहरणात सगळे एकाच साइटचे. मायक्रोवेव्ह लिंकची क्षमता टेबलमध्ये जी टाकलीय ती संपली. पहिलं काम, तो आकडा खरा आहे का डिफॉल्ट पडून राहिलाय ते ट्रान्समिशनवाल्या मित्राला फोन करून विचारा. डिफॉल्ट असेल तर २९ च्या २९ कागदावरचे. खरा असेल तर लिंक वाढवा, फायबर ओढा, पण अँटेनाला हात लावायचं काही कारण नाही.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते रिसोर्सच्या ५८ वर. नाव वाचून वाटतं कपॅसिटी संपली, कॅरिअर (आणखी एक फ्रिक्वेन्सी) वाढवा. थांबा. एलटीईच्या (४जीच्या) २० मेगाहर्ट्झमध्ये १०० रिसोर्स ब्लॉक, एकेक १८० किलोहर्ट्झचा. सीक्यूआय (सिग्नलच्या दर्जाचा आकडा, जितका मोठा तितका चांगला) १२ वर बसलेल्या माणसाला प्रत्येक हर्ट्झमागे साधारण ३.९ बिट प्रति सेकंद मिळतात, म्हणजे एका ब्लॉकमधून ७०० केबीपीएस, त्याला १ एमबीपीएस द्यायला दीड ब्लॉक पुरतो. सीक्यूआय २ वाल्याला ०.२३ मिळतात, म्हणजे ब्लॉकमागे जेमतेम ४२ केबीपीएस, त्याच १ एमबीपीएससाठी २४ ब्लॉक लागतात, आणि यात कंट्रोलचा ओव्हरहेड धरलेलाच नाही. असे चार जण आले की ९५-९६ ब्लॉक गेले, अख्खा सेल चार माणसांनी जेवला आणि मागे रांगेत उभे असलेले ५० जण 'रिसोर्स सॅच्युरेशन'. पंगतीत चौघांनीच सगळी जिलबी संपवली तर आचाऱ्याला काय बोलणार.

म्हणून त्या सेलमधले कनेक्ट झालेले यूजर सीक्यूआयने किंवा बेअररने सॉर्ट करा आणि बघा ब्लॉक कोण खातंय. सराफ्यात चित्र असं येतं की मोठ्या रस्त्यावरचे मजेत आहेत, आणि आतल्या बोळात, बर्तन बाजाराच्या बाजूला, जुन्या जाड भिंतींच्या वाड्यांत बसलेले मूठभर लोक सेल पिऊन टाकतायत. आता तिथे २३०० मेगाहर्ट्झचं नवीन कॅरिअर टाकलं तर ते बोळात नीट पोचणारच नाही, त्याच्यावर जातील रस्त्यावरचे, जे आधीच दीड-दीड ब्लॉकवर भागवत होते. खर्च केला आणि मोकळं काय झालं, जवळपास काही नाही. इथे औषध म्हणजे त्या बोळाला जवळून सिग्नल देणं: टिल्ट-अझिमथ (अँटेनाचा झुकाव आणि दिशा) आधी, ९०० सारखा खालचा बँड असेल तर त्यांना त्याच्यावर, नाहीतर खांबावर एक स्मॉल सेल. उलट सॉर्ट केल्यावर सगळेच चांगल्या सीक्यूआयवर निघाले आणि तरी ब्लॉक संपले, तर मग ती खरी कपॅसिटी, मग मागा कॅरिअर, माझी ना नाही.

सरासरीचा खेळ पण लक्षात ठेवा. क्लस्टरमध्ये (आपण तपासतोय त्या भागात) ४० सेल, रिसोर्स आणि बॅकहॉल मिळून ८७, त्यातले ८१ नुसत्या ४ सेलमध्ये. उरलेले ३६ सेल निवांत. सेलच्या टॅबमध्ये डाउनलिंक लोडने सॉर्ट केलं की दोन मिनिटांत हे दिसतं, पण कोणी करत नाही. आणि क्लस्टरच्या कडेच्या सेलवर भाळू नका, त्यांच्या पलीकडे आपण ट्रॅफिकच टाकलेलं नसतं, म्हणून शेजारी गप्प, इंटरफिअरन्स कमी, आकडे देखणे. मोजायचा भाग आत ठेवा आणि सिम्युलेशन त्याच्या बाहेर दोन-तीन साइट जास्तीच्या धरून चालवा.

अपलिंकमध्ये नॉइज राइज (इंटरफिअरन्समुळे सेलला ऐकू येणारा गोंगाट किती वाढला) बघायचा. ३ डीबी म्हणजे थर्मल नॉइजइतकाच इंटरफिअरन्स, ६ डीबी म्हणजे त्याच्या तिप्पट. सतत ६ च्या वर राहणारा सेल मी लाल पेनाने खुणावतो.

रिजेक्ट शून्य आलं तरी खुश होऊन लॅपटॉप बंद करू नका. शेड्यूलर आधी प्रत्येकाची किमान मागणी भागवतो, उरलं तर कमाल मागणीकडे वळतो. किमान भागली की माणूस कनेक्टेड मोजला जातो, मग तो व्हिडिओ बघता बघता गोल फिरणाऱ्या चक्राकडे का बघत बसेना. म्हणून कमाल मागणी आणि प्रत्यक्ष मिळालेलं यांचा रेशो काढा, अर्ध्याच्या खाली गेलेले यूजर वेगळ्या रंगात मॅपवर टाका, कस्टमरच्या तक्रारी बहुतेक वेळा तिथूनच येऊन राहिलेल्या असतात. आणि स्पीड टेस्टशी तुलना करायची तर अ‍ॅप्लिकेशन थ्रूपुटशी करा, पीक आरएलसीशी (रेडिओवरच्या कच्च्या वेगाशी) नाही, त्यात हेडर आणि रिट्रान्समिशन कापलेलं नसतं.

आता बदल करून परत चालवायचं. इथे एक गोष्ट जी मला कोणीच सांगितली नव्हती: फाशांचा सीड (फासे कसे पडतील ते ठरवणारा सुरुवातीचा आकडा) आधीच्या आणि नंतरच्या ग्रुपला तोच द्या, शून्य सोडून कुठलाही आकडा, शून्य ठेवला की साधारणपणे दर वेळी नवे फासे पडतात. तोच सीड दिला की तेच यूजर त्याच जागी पडतात आणि जो फरक दिसतो तो तुमच्या टिल्टचा असतो. नाहीतर ४.१ चं ३.६ झालं म्हणून पेढे वाटाल आणि ते नुसतं नशीब असेल, एका रनमध्ये १२३ रिजेक्ट म्हणजे ११ इकडे-तिकडे तसंही होतातच.

शेवटी ग्रुपच्या सरासरीचे लोड आणि नॉइज राइज सेल टेबलमध्ये कमिट करा, मग एसआयएनआर (इंटरफिअरन्सच्या मानाने सिग्नल किती) आणि थ्रूपुटची प्रेडिक्शन परत चालवा, सगळे सेल सरसकट १००% लोडवर धरून काढलेला नकाशा उगाच घाबरवतो. आणि एकदा रात्री अकराच्या पुढे फोनमध्ये लॉगिंग चालू करून त्या बोळातून स्वतः चालत जा, जिथे ठिपके पडलेत तिथे आरएसआरपी (सिग्नलची ताकद) आणि सीक्यूआय लिहून घ्या. एका हातात गराडूची प्लेट असली तरी चालेल, दुसरा मोकळा ठेवा.