गोकर्णाचा वेल वाढतो, पण फुलत नाही? या चुका टाळा

ग्रिलभर वेल पसरलाय, पानं हिरवीगार आणि फूल एकही नाही. ठाण्या-नवी मुंबईच्या बाल्कन्यांतल्या गोकर्णाचं हे नेहमीचं दुखणं. बहुतेक वेळा ते खतानेच ओढवलेलं असतं.

गोकर्ण वाल-चवळीच्या कुळातला. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून त्याला पुरवतात. कुंडी बदलताना मुळं नीट पाहा. बारीक गाठी दिसतील. एखादी नखाने फोडली आणि आतून गुलाबी निघाली, तर त्यांचं काम चालू आहे. अशा वेलाला वरून युरिया घातला किंवा दर पंधरवड्याला शेणखताचा भडिमार केला, की तो पानंच काढत सुटतो. 12 इंची कुंडीत दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाडसर रेती घाला. पुढे दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत पुरे.

खत थांबवूनही कळी धरत नसेल, तर ऊन मोजा. रोज सहा तास तरी थेट ऊन हवं. इथे एक गोष्ट हमखास चुकते. दक्षिणेच्या बाल्कनीत डिसेंबरात ऊन पार आतपर्यंत येतं, म्हणून कुंडी तिथे कायमची बसवली जाते. जूनमध्ये सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो आणि त्याच बाल्कनीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही. कुंडी हलवता येईल अशीच ठेवा.

शेंगा धरू देणं ही तिसरी चूक. चपट्या हिरव्या शेंगा लोंबू लागल्या की वेलाची ताकद बियांकडे वळते आणि बहर ओसरतो. त्या कोवळ्या असतानाच खुडा. बियाण्यासाठी चार-पाच ठेवा, मात्र तपकिरी झाल्या की लगेच काढा. उशीर झाला तर तडकून बिया उडतात. घरात लहान मूल असेल तर त्या जपून ठेवा, पोटात गेल्या तर जुलाब होतात.

बी उगवत नसेल तर दोष टणक सालीचा. डोळ्याची बाजू सोडून पॉलिश पेपरवर चार-पाचदा घासा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेल्या बिया सेंटीमीटरभर खोल लावा, कडक राहिलेल्या पुन्हा घासा. कायमच्या कुंडीतच पेरा. मुळं दुखावलेली या वेलाला सोसत नाहीत. आठवड्या-दोन आठवड्यांत कोंब येतो, साधारण दोन महिन्यांत पहिलं फूल.

जुलैत खालची पानं पिवळी पडू लागली, की कुंडीखालची ताटली आधी काढा. कुंडी दोन विटांवर ठेवा, तळाचं भोक काडीने मोकळं करा आणि वरची दोन बोटं माती सुकल्याशिवाय पाणी घालू नका.

एप्रिल-मेमध्ये पानांवर फिकट ठिपके दिसले, तर पांढऱ्या कागदावर पान झटका. ठिपके चालू लागले तर ती कोळी कीड. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन-तीन थेंब भांड्याचा साबण घालून आठवड्यातून एकदा, संध्याकाळीच फवारा. भर उन्हात पानं करपतात.