टाकीतलं पाणी हिरवं होतंय? सगळं पाणी बदलू नका, आधी हॉर्नवर्ट ही पाणवनस्पती टाका

टाकी, ऊन आणि कुंडीतलं कमळ एवढं तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. कुंडीतल्या मातीवर दोन बोटं धुतलेली वाळू पसरा म्हणजे शेणखत पाण्यात उतरणार नाही, आणि माशांना दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं घाला. झालं.

आता झाडं, आणि सगळे इथेच फसतात. मी तर तीन उन्हाळे फसलो. पाणी हिरवं झालं की अख्खी टाकी उपसायचो, बोअरचं नवं पाणी भरायचो, आठ दिवसांत परत पोपटी, कारण नव्या पाण्यातलं नायट्रेट, म्हणजे झाडांचं खत, खायला शेवाळाशिवाय कोणी नव्हतंच. मग व्हॅलिस्नेरियाची, म्हणजे तळात मुळं धरून पाण्याखाली वाढणाऱ्या गवतासारख्या झाडाची, चार रोपं तळाशी लावली, ती कुजली. हिरव्या पाण्यातून तळापर्यंत उजेडच जात नाही, आणि कुजलेल्या रोपातून सुटलेलं खत परत शेवाळालाच मिळतं. उथळ तळ्यांचंही असंच असतं, एकतर झाडं आणि नितळ पाणी नाहीतर शेवाळ आणि गढूळ पाणी, ज्याचा एकदा जम बसला तो सहज हलत नाही. म्हणून थोडी थोडी झाडं लावून बघू हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

हॉर्नवर्ट घ्या, अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मिळतं. याला मुळं नसतात, नायट्रेट-फॉस्फरस थेट पाण्यातूनच ओढतं. एकदम टाका, टाकीचा तिसरा हिस्सा भरेल इतकं, आणि दोऱ्याने बांधून पृष्ठभागाखाली वीतभरच लटकवा, तिथे उजेड पोचतो. पहिल्या आठवड्यात त्याच्या सुया झडतील, मी घाबरून सगळं फेकून दिलं होतं, तुम्ही तसं करू नका, शेंडे हिरवे असले की झाड जगतं. पडलेल्या सुया मात्र रोज जाळीने काढा. दर तीन दिवसांनी पाव टाकी पाणी काढून रात्रभर उघडं ठेवलेलं पाणी घाला. माझ्याकडे तळ दिसायला महिना लागला.

मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं औषध, घालू नका. शेवाळ मरतं, कुजतं, पाण्यातला ऑक्सिजन संपवतं, आणि तांब्याने गोगलगायीही मरतात. गप्पी चारच ठेवा, डासांपुरते. जास्त झाले तर डॅफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, खाऊन टाकतात, आणि हिरवं पाणी गाळून खाणारे तेच तर असतात, झाडांच्या आडोशाला वाढतात.

पुढे फक्त छाटणी. निम्मा पृष्ठभाग मोकळा राहू द्या, झाडं रात्री ऑक्सिजन घेतात, दाट झाली की पहाटे मासे वर तोंड काढून धापा टाकतात. छाटलेलं कंपोस्टमध्ये घाला, म्हणजे झाडाने ओढलेलं खत टाकीबाहेर गेलं. नाल्यात किंवा गावतळ्यात कधीच नको, एका तुकड्यापासूनही ते पसरतं. भिंतीवरचा हिरवा लेप घासू नका, तो गोगलगायींचा चारा आहे.