मूल खरंच पिकी ईटर आहे का, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

"काही खातच नाही हा!" हे वाक्य दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या घरात रोजचंच असतं. पण यातली बरीच मुलं पिकी ईटर, म्हणजे खाण्यात फार निवडानिवड करणारी, नसतातच, त्यांना त्या वेळेला भूक नसते, बास. म्हणून शिक्का मारायच्या आधी एक-दोन आठवडे नीट लक्ष ठेवायचं. कसं ते सांगते, साधारण 1 ते 6 वर्षांच्या मुलांसाठी आहे हे.

1. आधी भुकेचा हिशोब लावा

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वेळच्या साधारण तिप्पट होतं आणि मग वाढीचा वेग एकदम उतरतो, पुढच्या अख्ख्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो. वेग उतरला की भूकही उतरणारच, पण आपल्या डोक्यात मात्र तो आधीचा वाटीभर खाणारा बाळ असतो आणि आता चार घासांत तोंड फिरवतो म्हटल्यावर आपला जीव खालीवर.

मग दूध मोजा. खरंच मोजा, अंदाज नको. दिवसाला अर्धा-पाऊण लिटरच्या वर दूध जात असेल तर जेवणाला पोटात जागा कुठून राहणार, शिवाय नुसत्या दुधावर राहणाऱ्या मुलांना लोह कमी पडतं आणि लोह कमी पडलं की भूक आणखी मरते. ज्यूस, येताजाता हातात दिलेलं बिस्किट, तेही धरा यात. चार-पाच दिवस दोन खाण्यांच्या मध्ये 2-3 तासांचं अंतर ठेवा, मधे फक्त पाणी. एवढ्यानंच गडी जेवायला लागला तर खरं तर पुढचं वाचायची गरज नाही.

ताटात किती वाढता तेही बघा. वयाच्या प्रत्येक वर्षाला एका पदार्थाचा एक टेबलस्पून हा ढोबळ अंदाज, म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला दोन टेबलस्पून भाजी हे पूर्ण वाढणं झालं. मोठ्यांच्या मापानं वाढलं तर निम्मं उरणारच ना.

2. आठवडाभर लिहून ठेवा

खरी गंमत इथे आहे, त्यामुळे कंटाळा करू नका. मोबाईलमध्येच लिहा, काय दिलं, काय खाल्लं, कोणत्या वेळी, आणि मधला खाऊसुद्धा. "काहीच खाल्लं नाही" असं लिहायचं नाही, दोन घास खाल्ले तर दोन घास लिहायचं. एका जेवणावरून काही ठरत नाही, लहान मुलं एका वेळेला भरपूर खातात नि पुढच्या वेळेला ढुंकून बघत नाहीत, पण दिवसभराची बेरीज बऱ्यापैकी सारखी येते. लीन बर्च या अमेरिकन संशोधिकेनं 1991 मध्ये 2 ते 5 वर्षांच्या मुलांमध्ये हेच मोजून दाखवलं होतं.

आठवड्यानंतर तीन याद्या करा: नेहमी खातो ते, कधीकधी खातो ते आणि अजिबात नाही ते. आता ती तिसरी यादी नीट वाचा. कच्चं गाजर कुडूमकुडूम खातो पण शिजलेलं थुंकतो, म्हणजे भांडण गाजराशी नाही, मऊपणाशी आहे. काहींना एकत्र कालवलेलं चालत नाही, काहींना वास आला की संपलं. आणि यादीत सगळे नवीनच पदार्थ असतील तर ती नव्याची भीती, साधारण 2 ते 6 वर्षांत ती जोरात असते आणि बहुतेकांची हळूहळू जाते. नवीन पदार्थ मुलाला पटायला 8 ते 15 वेळा समोर यावा लागू शकतो, कधी त्याहून जास्त, आणि आपण चौथ्या वेळेलाच "याला आवडत नाही" म्हणून मोकळे होतो. त्यामुळे इतक्या वेळा, जबरदस्ती न करता दिलेलंच "अजिबात नाही"मध्ये टाका.

3. जेवताना बघा, पण त्याला कळू न देता

ताट बघून नाक मुरडतो आणि मग खातो, हे काही नाही. घास गालात धरून बसतो, नावडता पदार्थ दुसऱ्याला चिकटला म्हणून दोन्ही सोडतो, ठरावीक वाटी किंवा ठरावीक ब्रँडच लागतो, हे पिकी. पाळणाघरात किंवा आजीकडे तेच सगळं निमूट खातो? मग पदार्थाचा दोष नाही, घरी जेवताना जो आग्रह, स्क्रीन, रागवारागवी चालते ती बघायला हवी (हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, माहितीये).

4. साधं पिकी की काळजीचं?

यादीत पंचवीस-तीस पदार्थ आहेत, धान्य, भाजी-फळं, प्रोटीन प्रत्येकातलं काहीतरी आहे, मूल खेळतंय, तर साधं पिकी म्हणा आणि शांत राहा. पदार्थ विसाच्या खाली, सोडलेले परत येतच नाहीत, एखादा अख्खा गट गायब, नवीन काही नुसतं टेबलावर ठेवलं तरी रडारड, तर गोष्ट वेगळी. अशा टोकाच्या खाणं टाळण्याला 2013 पासून एआरएफआयडी (अव्हॉइडंट/रिस्ट्रिक्टिव्ह फूड इनटेक डिसऑर्डर) या नावानं वेगळं निदान आहे, पण ते तज्ज्ञांनीच करायचं, आपण इंटरनेटवर वाचून नाही.

वजनाचा एक आकडा बघून घाबरू नका, ग्रोथ चार्टवरची, म्हणजे वयानुसार वजन-उंचीच्या आलेखावरची, रेघ बघा. मूल बारीक असलं तरी स्वतःच्या रेघेवर चाललंय तर ठीक, रेघ खाली घसरत असेल तर डॉक्टर. खाताना ठसका लागणं किंवा घुसमटणं, वारंवार उलट्या, गिळताना दुखणं, किंवा सगळं खाणाऱ्या मुलानं अचानक खाणं बंद करणं, यात तर आठवडाभर लिहीत बसूच नका, लगेच दाखवा. बद्धकोष्ठ असेल तर तेही आवर्जून सांगा, त्यानंही भूक जाते आणि आपण ते नखऱ्यांत धरतो. जाताना त्या तीन याद्या, दुधाचं माप आणि एखाद्या जेवणाचा मोबाईलवरचा व्हिडिओ घेऊन जा, कारण दवाखान्यात दिलेलं बिस्किट मूल हमखास गपचूप खातं.