मोबाइल बँकिंग: नंबर सांभाळा, या चुका टाळा

केनियात २००७ साली एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा सुरू झाली आणि बँकेत खातं नसलेली माणसंही साध्या फोनवरून पैसे पाठवू लागली. आज पैसे पाठवणं, बिल भरणं, ठेव काढणं, सगळं अ‍ॅपवर होतं. पण व्यवहार तेव्हाही मोबाइल नंबरशी जोडलेला होता आणि आजही आहे. बहुतेक गोंधळ होतात ते या नंबरकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

नंबर बदलला, पण बँकेला कळवायचं राहून गेलं, ही पहिली चूक. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. मग तुमचे ओटीपी आणि व्यवहारांचे मेसेज अनोळखी माणसाच्या हातात पडतात. जुनं सिम चालू असतानाच बँकेत नवा नंबर नोंदवा, कारण बदलाच्या खात्रीचा ओटीपी बऱ्याचदा जुन्याच नंबरवर येतो.

सिम स्वॅप याहून घातक. भामटा तुमच्या नावाने कंपनीकडून डुप्लिकेट सिम काढतो आणि तुमच्या फोनचं नेटवर्क एकाएकी जातं. शेजारी त्याच कंपनीच्या फोनला पूर्ण रेंज आहे, तुमचा मात्र 'नो सर्व्हिस' दाखवतोय. एकदा फोन बंद-चालू करून पाहा. तरीही तसंच असेल, तर 'येईल थोड्या वेळाने' म्हणून थांबू नका. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला सांगून व्यवहार थांबवा, मग सिम कंपनीला गाठा.

पैसे कापले गेले, पण समोरच्याला मिळाले नाहीत? घाईने पुन्हा पाठवू नका. खात्यातून रक्कम वजा होते, पण पलीकडून पोच यायच्या आत वेळ संपते आणि व्यवहार 'पेंडिंग' राहतो. अशा वेळी दुसऱ्यांदा पाठवलं, की दोनदा पैसे जाण्याची शक्यता असते. स्टेटमेंट बघा, रेफरन्स नंबर टिपून ठेवा आणि त्यावरच तक्रार करा. हेल्पलाइनचा नंबर मात्र इंटरनेटवर शोधू नका. तिथे भामट्यांनी टाकलेले नंबरही असतात. कार्डामागे छापलेला किंवा अ‍ॅपमध्ये दिलेला नंबरच लावा.

'पैसे जमा करतो, पिन टाका' असं कोणी म्हणालं, तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. मदतीच्या नावाखाली स्क्रीन शेअर करायला सांगणाऱ्यालाही हाच न्याय.

जुना फोन विकण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमधून त्याची नोंदणी काढा, मगच फॅक्टरी रीसेट करा.