नातवंडांच्या हातची भेट: वस्त्रमाळ, पंजाचा ठसा आणि फोनचा तक्ता

सप्टेंबरात बऱ्याच शाळांमधून आजी-आजोबा दिवस साजरा होतो आणि घरोघरी टिकल्या, चमकी, कार्डशीट बाहेर येतं. होतं असं की कापायचं आईने, चिकटवायचं बाबांनी आणि मुलाने फक्त नाव लिहायचं. खालच्या तीन वस्तू मूल खरोखर स्वतः करू शकतं, आणि त्या आजी-आजोबांच्या रोजच्या वापरात किंवा नजरेसमोर राहतात. मोठ्यांनी फक्त पूर्वतयारी करायची. वेडंवाकडं झालेलं मागाहून सरळ करायला जाऊ नका.

वस्त्रमाळ (५ वर्षांपासून पुढे)

घरात पूजा होत असेल तर आजीसाठी याहून चांगली भेट नाही. गणपती, नवरात्र, श्रावणातल्या पूजा, सगळीकडे कापसाचं वस्त्र लागतंच. विकतचं सहज मिळतं, पण नातवाच्या हातचं देवाला वाहताना आजीचा चेहरा वेगळाच असतो.

साहित्य: वातीचा पिंजलेला कापूस, एका बशीत थोडं पाणी, अर्धा चमचा कुंकू, आगपेटीची एक काडी (गुल मोडून टाका). आजीला न विचारता माप हवं असेल तर देवघरातलं जुनं वस्त्र गुपचूप मोजा. नाहीतर लहान मूर्तीसाठी ३० सेंटीमीटर पुरतं.

आधी पंखा बंद करा. मग कापसाची दोन बोटं रुंद आणि हवी तेवढी लांब पट्टी अलगद ओढून काढा. पट्टी इतकी पातळ हवी की खाली ठेवलेल्या वर्तमानपत्राचे मथळे अंधुक दिसावेत. हे काम मोठ्यांचं, कारण मुलं कापूस ओढताना तोडतात.

पुढचं सगळं मुलाचं. अंगठा आणि तर्जनी पाण्यात बुडवून झटकायची, पट्टीच्या टोकापासून साधारण दोन बोटांच्या अंतरावर कापूस चिमटीत धरायचा आणि तीन-चार वेळा पिळायचा. तिथे दोऱ्यासारखी बारीक गाठ तयार होते आणि दोन गाठींच्या मध्ये कापूस मण्यासारखा फुगीर राहतो. पुन्हा दोन बोटं पुढे, पुन्हा पीळ. पीळ दर वेळी एकाच दिशेने द्यायचा. मुलं एकदा पुढे, एकदा मागे पिळतात, मग आधीची गाठ सुटते आणि सगळी माळ सपाट होते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे बोटं निथळती ठेवणं. पाणी मण्यात उतरलं की कापूस बसतो आणि परत फुलत नाही.

कुंकवात चार-पाच थेंबच पाणी घालून दाट कालवा. काडीच्या टोकाने फक्त पिळलेल्या जागी ठिपका द्यायचा. कुंकू पातळ झालं तर कापूस ते शोषून घेतो आणि लाल रंग मण्याभर पसरतो. माळ ताटात आडवी ठेवून सावलीत पूर्ण वाळू द्या. ओलसर असतानाच डब्यात भरली तर वास येतो. पाच-सहा माळा झाल्या की पत्र्याच्या डब्यात एकावर एक न दाबता, मध्ये कागद घालून ठेवा. कुंकवाचे डाग कपड्यांवरून सहजी जात नाहीत, तेव्हा मुलाला जुना सदरा घाला.

हात बसला की याच कापसाच्या फुलवाती करता येतील. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी पातळ चकती, मधोमध चिमूट धरून वर उचलायची आणि ओल्या बोटांनी पीळ द्यायचा. टोक एक ते दीड सेंटीमीटरच ठेवा. लांब टोकाची ज्योत उंच जाते आणि काजळी धरते.

पंजाचा ठसा (३ वर्षांपासून)

२ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, पाऊण वाटीच्या आसपास पाणी. पाणी एकदम ओतू नका. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट गोळा हवा, आणि पाच-सात मिनिटं चांगला मळा. एवढ्यात साधारण १५ सेंटीमीटरच्या दोन चकत्या होतात, म्हणजे एक ठसा बिघडला तरी दुसरा आहे. जाडे मीठ वापरू नका, ठशात खडे उठतात. मुलाच्या हाताला खरचटलेलं असेल तर त्या दिवशी राहू द्या, मीठ झोंबतं.

चकती एक सेंटीमीटर जाड लाटा, बटर पेपरवरच लाटा म्हणजे उचलताना ताणली जाणार नाही. मुलाने बोटं फाकवून हात ठेवला की तुम्ही एकेक बोट वरून दाबा, शेवटी हाताच्या मागच्या बाजूला मध्यभागी. तळव्याला मुळात खळगा असतो, तिथे दाब दिला नाही तर ठशात फक्त बोटंच उमटतात. हात सरळ वर उचलायचा. टांगायचं भोक स्ट्रॉने पाडा, काठापासून दीड सेंटीमीटर आत.

वाळवणं हाच यातला कसोटीचा भाग. ओव्हन असेल तर १०० अंश सेल्सिअसला दोन ते तीन तास, मध्ये एकदा उलटून. घाईने तापमान वाढवलं तर आतल्या वाफेने चकती पुरीसारखी फुगते. ओव्हन नसेल तर पंख्याखाली जाळीवर, सकाळ-संध्याकाळ उलटत तीन ते पाच दिवस. कडक उन्हात ठेवू नका, वरचा थर आधी आकसतो आणि भेगा पडतात. वाळली का हे कळायला चकती गालाला लावून पाहा. थंड लागली तर आत ओल आहे.

रंग दिल्यावर दोन्ही बाजूंना, कडांना आणि भोकाच्या आतसुद्धा पारदर्शक वॉर्निशचे दोन हात मोठ्यांनी द्यायचे. ही पायरी टाळली तर पावसाळी हवेत मीठ ओल ओढून घेतं आणि ठसा चिकट होऊन मऊ पडतो. कोकणात तर हमखास. मागे मुलाचं नाव, वय आणि तारीख लिहा. घरात कुत्रा असेल तर गोळा आणि ठसा दोन्ही त्याच्यापासून लांब ठेवा, इतकं मीठ त्याच्या पोटात जाणं घातक आहे.

फोनचा तक्ता (६-७ वर्षांपासून)

आजोबांचा चष्मा हाताशी नसतानाही वाचता यावा असा. ए-फोर आकाराचं पांढरं किंवा फिकट पिवळं, न चकाकणारं कार्डशीट आडवं धरा आणि चार ओळी आखा, एका ओळीत घरच्या एका माणसाचा फोन नंबर. डावीकडे ५ सेंटीमीटरची चौकट, त्यात मुलाने त्या माणसाचं चित्र काढायचं. पुढे पेन्सिलने दहा चौकटी, पाच-पाचच्या दोन गटांत, आणि त्यात काळ्या जाड मार्करने निदान अडीच सेंटीमीटर उंच आकडे. फोनच्या बटणांवर जसे आकडे आहेत तसेच लिहा, म्हणजे बघून दाबता येतात. या वयात मुलं ३ आणि ७ उलटे काढतात. त्यामुळे आधी पेन्सिलने लिहून घ्या. लॅमिनेशन करू नका, दिव्याचा उजेड परततो आणि आकडे दिसेनासे होतात.

तक्ता द्यायच्या आधी मुलाला त्यावर बघूनच चारही नंबर लावायला सांगा. एक आकडा चुकलेला असला तरी तिथेच सापडतो.